समोरच्याच्या डोळ्यांवर

१ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. "गुरुवारी नको येऊस गो बाय. रेखा नेईल मला."

का, तर म्हणे, "तुझ्या गाडीत पुढचा काय दिसत नाय. मी आपली जीव मुठीत धरून बसते. रेखाच्या गाडीत कसा, दिवस हाय वाटतो."

बरं म्हटलं. फोन ठेवला. भाजी करपली.

दिवस हाय वाटतो. दुपारभर हे वाक्य मागे लागलं होतं.

वर्षावासाचे तीन महिने आई वाडीवाडीच्या विहारात ग्रंथ वाचायला जाते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी वाचन तिचंच, दुसऱ्या कुणी वाचलं तर लोकांना गोड लागत नाही. पूर्वी जिथे वाचन तिथेच मुक्काम असायचा. तळीयेवर दरड कोसळली त्या पावसाळ्यापासून आम्ही बहिणींनी तिला डोंगराखाली रात्र काढू दिलेली नाही. वाचन झालं की गाडीत बसायचं आणि पोलादपूरला घरी. रविवार रेखाचा, गुरुवार माझा. रेखा तिच्या शेजारच्याच आळीत राहते, रोज भेटते. मी महाडात. मला हा गुरुवारच. आणि त्यातही गाडीतला तेवढा वेळ.

गाडीत आई वेगळी असते. दोघी समोर बघत असतो, एकमेकींकडे बघायचं नसतं, म्हणून असेल. लग्नाआधी तिला एकाने मागणी घातली होती हे मला गाडीत कळलं. बाबांच्या आजारात ती एकदा घर सोडून निघाली होती आणि नदीपर्यंत जाऊन परत आली, हेही तिथेच. घरी कधी बोलली नसती.

तो वेळ आता रेखाला.

४ सप्टेंबर, बुधवार

वि.ला सांगितलं. बायको रडवेली झाली की हा माणूस लगेच हत्यारांची पेटी काढतो, तशी काढली. अंगणात जाऊन हेडलाईटवर बोट फिरवून आला.

"काच पिवळी पडलीय. घासून घेऊ, बल्ब बदलू. एवढंच आहे."

मी म्हटलं, मला रेखासारखे पांढरे हवेत.

"तिच्या गाडीला कंपनीचे आहेत. आत भिंग असतं, ते उजेड कापून खाली टाकतं. आपल्या गाडीत भिंग नाही, मागे नुसतं चकचकीत ताट आहे. त्यात तसला बल्ब घातला की उजेड सगळीकडे उधळतो."

"उधळू दे."

तेव्हा त्याने विचारलं, "तुला दिसायला हवंय की दाखवायला?"

वीस वर्षं कंपनीत मेंटेनन्सला काढलेल्या माणसाने बायकोशी असं बोलावं. जेवताना एक शब्द बोलले नाही. त्याला ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. दोन वेळा आमटी मागितली.

५ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी घरात. दिवाळी अंकासाठी कथा लिहायला बसले. दोन मैत्रिणींची आहे. एक मैत्रीण सारखी वाईट वागते आहे, मी काहीही केलं तरी. पान फाडलं.

रेखाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. आई पुढच्या सीटवर, अंगावर शाल, खाली लिहिलंय, "आज आमची स्वारी." मी अंगठा दिला. मग फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. आईने पट्टा लावलाय. माझ्या गाडीत लावत नाही. पोटाला काचतो म्हणते.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीला आलेल्या मुंबईच्या गाड्यांनी हायवे भरून वाहतोय. बाल्कनीतून बघत बसले. सगळ्यांचे दिवे पांढरे. पांढरे, निळसर, काही तर डोळ्यांत सुई घातल्यासारखे. सगळ्या जगाला मिळालेत, मलाच नाहीत, असं चाळिशी उलटलेल्या बाईला वाटावं का? वाटलं.

११ सप्टेंबर, बुधवार

बसवले.

वि. फर्स्ट शिफ्टला गेल्यावर गाडी काढली, हायवेवरच्या दुकानात नेली. दुकानवाला हसरा. "मॅडम, असा बसवून देतो की समोरचा आपोआप बाजूला होणार." मला हे वाक्य आवडलं, हे इथे कबूल करते. समोर कोण ते मनात ठरलेलंच होतं.

बल्ब बारीक, नळीसारखे. बरोबर दोन चपटे डबे, त्यांतून वीज वाढवून बल्बला जाते म्हणे. डबे त्याने बॅटरीच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधले. रंग कुठला देऊ विचारलं. सगळ्यात पांढरा, म्हटलं.

मग त्याने दिवे लावले. आधी जांभळट, मग हळूहळू पांढरे, जसं कुणी झोपेतून उठून पूर्ण जागं व्हावं. समोरच्या टायरवाल्याच्या शटरवर उजेड पडला. तिथे चहा पीत बसलेल्या माणसाने पेपर तोंडासमोर धरला.

"फोकस जरा वर करा," मी म्हटलं. "लांबचं दिसू दे."

तो बॉनेटमध्ये वाकून मागचा स्क्रू फिरवत होता. "एवढा?"

"अजून."

"मॅडम, वर गेला की झाडावरची माकडं दिसतील."

"दिसू देत. अजून थोडा."

तो हसला आणि फिरवला. पेपरवाला माणूस उठून आत गेला.

वि.ला सांगितलं नाही. तो कंपनीच्या बसने जातो, रात्री गाडीकडे बघतही नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आईला फोन. "आता माझ्या गाडीलाही तसेच दिवे बसवलेत. आज मी येते न्यायला."

"मग आधी सांगायचं नाय काय? रेखाला हो बोलून झाला. ती रजा टाकून ऱ्हायलीय."

रेखा दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी बदलून घेता येते तिला. मला वाचनालयातून सुट्टी सहज मिळते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. रेखाची रजा म्हणजे रजा, माझी म्हणजे रिकामपण.

गाडी नुसतीच काढली आणि बिरवाडीपर्यंत जाऊन आले. उजेड पाहून मन भरलं. झाडांचे शेंडे, घरांची कौलं, विजेच्या तारा, सगळं लख्ख. रस्ता मात्र... पावसाने ओला होता, काळा डांबरी, पांढरा उजेड त्यावर पडून कुठे जात होता कळत नव्हतं. कडेची पट्टी शोधावी लागत होती. नवीन आहे म्हणून, सवय होईल.

समोरून येणारे सगळे दिवे उघडझाप करत होते. पहिल्यांदा वाटलं पुढे पोलीस उभे असतील, इशारा देतायत. पोलीस कुठेच नव्हते. एक टेम्पोवाला काच खाली करून काहीतरी ओरडला. 'आई' एवढंच ऐकू आलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज शिवथरकडच्या वाडीत वाचन होतं. महाडहून जवळ. पोलादपूरहून रेखाने एवढ्या लांब यायचं, परत एवढं लांब जायचं, कशासाठी? दुपारी तिला मेसेज केला, परतीला मी नेते आईला, तू सरळ घरी जा. तिने पाहिलाच नाही. वाट पाहिली आणि निघाले.

घाई नव्हती, तरी जोरात चालवत होते. पाऊस भुरभुर. वाडीच्या अलीकडे, ओढ्याच्या पुलानंतर वळण आहे, तिथे समोरून गाडी आली. दोन पांढऱ्या बारीक रेघा, भुवयांसारख्या. लांबूनच ओळखल्या.

म्हणजे निघाल्या. म्हणजे आई आत होती, पुढे, शाल घेऊन.

लिहायचं ठरवलंय तर लिहिते. माझे दिवे अप्परवर होते. बोटाखाली दांडी होती, ती ओढली की उजेड खाली जातो, डिपर म्हणतात तो. समोरून कुणी आलं की रोज आपोआप ओढते, विचारही करत नाही. आज विचार केला आणि ओढली नाही. आईला दिसायला हवं होतं. माझ्याही गाडीला आहे. तिच्यापेक्षा जास्त आहे.

रेखाने दोनदा डिपर दिला.

मग आम्ही एकमेकींना ओलांडलं. मला आतलं कुणी दिसलं नाही. आरशात लाल दिवे दिसले, मग ते वळणाआड गेले.

विहारात माणसं सतरंज्या गुंडाळत होती. "जयभीम ताई. आई आत्ताच गेल्या की, वाटेत भेटल्या नाय?" चहा दिला. नाही म्हणता येईना. परत येताना रस्त्यात कुणी नव्हतं.

आईने विचारलं असेल, कुणाची गो ती गाडी? विचारलंच असेल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी रेखाचा फोन.

"ताई, काल वाचलो बघ. त्या ओढ्याच्या वळणावर कुणीतरी तोंडावर दिवे मारून गेला. काही म्हणजे काही दिसेना. डावी चाकं गटारात. माणसं गोळा होऊन गाडी काढली, ते बरं, लगेच ट्रॅक्टर मिळाला."

आई?

"पट्टा होता म्हणून बरं. खांदा दुखतोय. पण डोळा, ताई. ऑपरेशनचा. रात्रभर म्हणत होती पांढरं पांढरं दिसतंय, मधे काळं भोक. सकाळी डॉक्टरांना दाखवला. इजा नाही म्हणाले, पण पाणी थांबत नाही."

मी विचारलं, "नंबर पाहिलास?"

मी हे विचारलं. माझ्या तोंडून हे निघालं.

"नंबर कसला दिसतोय? गाडी होती की ट्रक तेही कळलं नाही. आंधळं केलं त्याने. मेला थांबला पण नाही." मग म्हणाली, "तुझा मेसेज नंतर बघितला. तू निघाली नव्हतीस ना?"

"नाही. पाऊस होता."

माणसं गोळा झाली, ट्रॅक्टर आला, आणि मी त्या वेळी वर विहारात बशीतून चहा पीत होते. परत येताना मला त्या दिसल्या कशा नाहीत, कुठल्या रस्त्याने गेल्या... पुलाअलीकडचा आडरस्ता असेल. असेलच.

२१ सप्टेंबर, शनिवार

एसटीने गेले पोलादपूरला. गाडी नेली नाही.

आई खाटेवर, मान मागे टाकून. रेखा तिच्या डोळ्यात औषध घालत होती. डाव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी उघडून धरली होती, किती हलक्या हाताने. आणि मला... हे सगळं माझ्यामुळे झालेलं असताना मला तिच्या त्या बोटांचा हेवा वाटला. आईच्या पापणीला मी कधी हात लावलाय? मी असते तर औषध गालावर सांडलं असतं.

असं मन असतं माणसाचं. निदान माझं.

रेखा त्या गाडीवाल्याला शिव्या घालत होती. आई म्हणाली, "जाऊ दे गो. तो पण घाबरला असंल. नवा असंल गाडीवर."

"नवा नाही, माजलेला," रेखा म्हणाली.

मी उठून पाणी प्यायले.

निघताना आई म्हणाली, आता बाहेर वाचनाला जाणार नाही. "अंधारात कुणाच्याच गाडीत नको. उरलेला घरातच वाचते माझी मी." एका वर्षीही तिचं वाचन चुकलेलं नाही. गुडघा सुजला तेव्हा खुर्चीत बसवून नेलं होतं दोघा पोरांनी.

रेखाकडून आईला काढून घ्यायला गेले, आणि वाड्यांकडूनच काढून घेतलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

वि.ला सांगितलं. दिव्यांचं सांगितलं. वळणाचंही सांगितलं, पण दांडीचं नाही. त्याने बॉनेट उघडलं, डबे बघितले, प्लॅस्टिकची पट्टी बोटाने ताणून सोडली.

"कधीचं?"

"पंधरा दिवस."

मला वाटलं आता चिडेल. तो म्हणाला, "माझ्याकडून राहिलं. घासून घेऊ म्हटलं आणि घेतलं नाही." त्यापेक्षा चिडला असता तर बरं झालं असतं.

२९ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी शाळेच्या मागच्या मैदानावर. तिथे जमीन सपाट आणि समोर लांब पांढरी भिंत. दुकानवाल्याने उतारावर गाडी उभी करून फोकस बघितला होता, ते एक. आणि वर करा, वर करा, ते माझं.

साधे बल्ब घालायच्या आधी वि. म्हणाला, "जरा पुढे जाऊन उभी राहा. गाडीकडे तोंड करून."

उभी राहिले. त्याने दिवे लावले. आधी जांभळट, मग पांढरे. मग त्याने अप्पर दिला.

काही उरलं नाही. भिंत नाही, मैदान नाही, माझे हात नाहीत. वि. चार पावलांवर काचेमागे बसलेला, तो रागावलाय की हसतोय मला दिसत नव्हतं. मी म्हटलं, बंद कर. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. पाय कुठे टाकावा कळेना, तशीच उभी राहिले.

आईला असं दिसलं. आणि त्या डोळ्याला.

दिवे बंद झाले तरी बराच वेळ मधे काळं भोक होतं.

मग काम. पांढरे बल्ब आणि डबे काढून ठेवले. गाडीबरोबर येतात त्याच जातीचे नवे बल्ब घातले. वि.ने बॅटरीपासून दिव्यांपर्यंत जाड वायर टाकली, मधे रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, बसवला. जुन्या बारीक वायरीतून वीज पोचेपर्यंतच दमते, म्हणाला. पिवळ्या काचा पाणी मारत पॉलिशपेपरने घासल्या, आधी खरखरीत, मग बारीक. ते मी केलं. तासभर घासल्यावर काच स्वच्छ झाली, आणि आत खरंच ताटच दिसलं.

मागे माणूस बसला की गाडीचं नाक वर होतं, उजेड वर जातो, म्हणून शेजारच्या शिंदेकाकूंना मागे बसवलं.

"मला फिरायला नेता म्हणालात," काकू म्हणाल्या, "आणि वजन म्हणून आणलंत होय?"

वि. म्हणाला, "काकू, हलू नका, माप चुकतंय."

"मेल्या, वाढदिवसाला तुझ्या बायकोने दिलेला केक आहे हा सगळा."

खूप दिवसांनी हसले. भिंतीवर दिव्यांच्या उंचीवर खडूने रेघ ओढली आणि डिपरचा उजेड तिच्या खाली वीतभर बसेपर्यंत वि. स्क्रू फिरवत होता. डावीकडे जरा जास्त, रस्त्याची कड दिसावी म्हणून. उजवीकडे खाली, येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

परत येताना पाऊस आला. उजेड पिवळसर, साधाच. पण ओल्या रस्त्यावरचे खड्डे दिसत होते, कडेची पट्टी दिसत होती. एकानेही दिवे उघडझाप केले नाहीत.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आईला सांगितलं, गाडी नीट केली. ती म्हणाली, "बरा केलास," आणि गवारीच्या शेंगांचं बोलत राहिली.

रेखाला सांगायचं ठरवलंय. रोज ठरवते.

६ ऑक्टोबर, रविवार

रेखाला फोन केला. तिला आज ड्युटी नव्हती. म्हटलं, "त्या वळणावर मी होते."

मागे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"मला माहीत आहे," म्हणाली. "वाडीतून फोन आला होता आईची चौकशी करायला. मोठ्या ताई चहा पिऊन गेल्या म्हणाले. दोन आठवडे झाले. बघत होते कधी सांगतेस."

मी सगळं सांगू लागले, दुकान, फोकस, भिंत. तिने मधेच तोडलं.

"डिपर द्यायला विसरलीस की दिला नाहीस?"

माझी लहान बहीण. शाळेत माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून वापरायची, ती. एवढं सरळ कुणी विचारतं का?

मी फोन दुसऱ्या कानाला धरला. ती वाट बघत होती. मग म्हणाली, "ठीक आहे. आईला मी काही बोललेले नाही. बोलणारही नाही. तुला सांगायचं तर सांग."

आणि बघ, इथेही तीच मोठी झाली. क्षमा करायची पाळीसुद्धा तिच्याच वाट्याला आली. मला तेवढंही...

फोन ठेवताना ती म्हणाली, "ताई, तू माझ्या गाडीवर कशाला जळतेस? माझ्या गाडीत आई बसते आणि झोपते. पट्टा लावते, मान टाकते, घोरते. पोलादपूर आलं की उठवायचं. तुझ्या गाडीतून आली की दुसऱ्या दिवशी तुझंच चालू असतं. ताईला हे बोलले, ताईला ते बोलले. त्या मागणी घातलेल्या माणसाचं मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय."

फोन चार्जिंगला लावला आणि ही वही उघडली.

झोपते. तिच्या गाडीत दिवस असतो, म्हणून आई झोपते. माझ्या गाडीत पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून जीव मुठीत धरून जागी असायची, आणि भीती वाटू नये म्हणून बोलायची. मला वाटायचं, माझ्याजवळ मन मोकळं करते.

की दोन्ही?

१० ऑक्टोबर, गुरुवार

आईकडे जाऊन आले, दिवसाउजेडी. डोळा बराच बरा. पाणी थांबलंय.

म्हटलं, येत्या गुरुवारी पौर्णिमा. वर्षावासाचा समारोप तुडीलकडच्या वाडीत आहे, दोनदा निरोप आलाय तुला. मी नेते. हळू नेते.

आई तांदूळ निवडत राहिली. "रेखा काय बोलते?"

रेखा आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथूनच म्हणाली, "गुरुवार ताईचा असतो."

एवढंच. मी तिच्याकडे बघितलं नाही. तीही बाहेर आली नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पौर्णिमा. आत्ता परत आले. वि. जागा होता, दिव्यांचं कसं झालं विचारलं. चांगले आहेत म्हटलं.

जाताना उजेड होता, आई खुशीत. पांढरी साडी, नवी. खिडकीतून सावित्री बघत होती, पाणी उतरलंय म्हणाली. विहार भरलेला. बायांनी तिला धरून नेलं पुढे. तिने शेवटचा भाग वाचला, मधे दोनदा थांबली, डोळा पुसला, पुन्हा ओळ शोधली. मी मागे बसले होते. ओळ शोधत होती तेव्हा कुणी हललंसुद्धा नाही.

परतीला अंधार. रेखा आली नव्हती, मुद्दामच असेल. गाडीत आम्ही दोघी.

आई झोपली नाही. बोललीही नाही. मी बघत होते, दोन्हींतलं कुठलं होतंय. महाड मागे पडलं. उजेड पुढे रस्त्यावर, डावी कड स्पष्ट. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी वळणावर..."

तेवढ्यात समोरून एक आला. पांढरा, उंच, पूर्ण अप्परवर. मी डिपर दिला. त्याने दिला नाही. पुन्हा दिला. डावीकडच्या पट्टीवर नजर ठेवून गाडी जवळजवळ थांबवली. आईने पदर डोळ्यांवर धरला होता.

"गेला?"

"गेला."

"असाच होता तो," ती म्हणाली. तिचा हात माझ्या मांडीवर आला होता, तो तिथेच राहिला. "घामाघूम झालीस गो तू. चालव हळू."

मी चालवत राहिले. तिच्या हाताचं वजन मांडीवर होतं. तो हात तिथे असेपर्यंत मला बोलता येणार नव्हतं, आणि तो काढावा असंही वाटत नव्हतं. पोलादपूरचे दिवे दिसायला लागले.

दारात उतरताना तीच म्हणाली, "काय सांगत होतीस मघाशी?"

मी म्हटलं, नंतर.

"मग बुधवारी ये. डोळा दाखवायला महाडला जायचं हाय. सकाळची वेळ दिलीय डॉक्टरानं. वाटेत सांग."

"रेखाला नको का विचारायला? तिला त्यातलं कळतं."

"तिला कशाला," आई म्हणाली आणि आत गेली.

तिला कशाला. एवढं सगळं होऊनही मला इतका आनंद झाला की गाडी वळवताना गेटला घासली. सगळ्या वाटेने तेच दोन शब्द. अपघातापासून रेखा रात्री आईजवळच झोपते; ती आत जागी असेल, तिने ऐकले असतील, हे फार उशिरा सुचलं.

बुधवारी सकाळी तिला न्यायचंय. अंधार नसेल. ती माझ्याकडे बघू शकेल.